गेमिंग संगणकाचा वीजपुरवठा : खान्देशातील ग्राहकांनी काय पाहावे?

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या, की जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये आणि धुळ्यातील संगणकाच्या दुकानांत तरुणांची वर्दळ वाढते. कुणी वर्षभर साठवलेले पैसे घेऊन येतो, कुणाला निकालाआधीच घरच्यांनी शब्द दिलेला असतो. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते, मेमरी किती, यावर तासन्‌तास खल होतो. अखेरीस हिशेब बसत नाही, तेव्हा कात्री लागते ती नेमकी एका वस्तूला. ती वस्तू म्हणजे एसएमपीएस, अर्थात संगणकाचा वीजपुरवठा संच. 'कॅबिनेटबरोबर आलेलाच चालवून घेऊ' असे म्हणून विषय मिटवला जातो. पुढे मे महिन्यातील एखाद्या दुपारी खेळ रंगात आला असताना पडदा काळा पडतो. त्या दिवशी वाचवलेल्या हजार-दीड हजारांची किंमत किती होती, हे मग कळते.

संगणकातील इतर कोणताही भाग बिघडला, तर बहुधा तो एकटाच बिघडतो. वीजपुरवठा संच मात्र जाताना शेजाऱ्यांनाही घेऊन जाऊ शकतो, कारण मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क या सर्वांना त्याच्याच तारा जोडलेल्या असतात. म्हणून कमी खर्चाच्या संगणकात या भागाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. ज्याला ग्राफिक्स कार्ड पुन्हा घेणे परवडणारे नाही, त्याने ते जपणारा संच आधी निवडावा.

संचाचे काम नेमके काय?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची आणि ५० हर्ट्झ वारंवारितेची प्रत्यावर्ती वीज असते. संगणकाच्या आतील भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज लागते. हे रूपांतर करणे हे एसएमपीएसचे काम. बाहेरून आलेली वीज प्रथम एकदिश केली जाते. तेव्हा तिचा दाब सव्वातीनशे व्होल्टांच्या आसपास असतो. ती एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवली जाते, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेली जाते आणि दुसऱ्या बाजूला हव्या त्या दाबावर गाळून स्थिर केली जाते.

केळीच्या बागेतील ठिबक सिंचन ज्याने पाहिले आहे, त्याला हे समजणे अवघड नाही. विहिरीतील पाणी गढूळ असते आणि पंपाचा दाबही कमी-जास्त होतो. फिल्टर आणि दाबनियंत्रक चांगले असले, तर शेवटच्या झाडापर्यंत सारखे पाणी जाते. ते निकृष्ट असले, तर नळ्या तुंबतात किंवा फुटतात. संगणकातील फिल्टर आणि दाबनियंत्रक म्हणजे हा संच.

आजच्या संचांची मूळ रचना इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकातून आली. त्या काळी संगणकाचा बराचसा भार ५ व्होल्टच्या वाहिनीवर असे. पुढे प्रोसेसरची भूक वाढत गेली. २००० मध्ये प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चौपिनी जोडणी आली आणि २००३ मध्ये मदरबोर्डची मुख्य जोडणी वीसऐवजी चोवीस पिनांची झाली. आज गेमिंग संगणकाचा जवळजवळ सगळा भार, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, १२ व्होल्टच्या वाहिनीवर असतो. संच पारखताना हीच वाहिनी महत्त्वाची.

लेबल कसे वाचावे?

डब्यावर ठळक अक्षरांत छापलेला वॅटचा आकडा हा संचाचा परिचय असतो, पुरावा नव्हे. पुरावा त्याच्या अंगावरील लेबलवर सापडतो. तेथे प्रत्येक वाहिनीपुढे अँपिअरचा आकडा दिलेला असतो. १२ व्होल्टच्या वाहिनीचा आकडा घ्यावा आणि त्याला १२ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे गेमिंगसाठी खऱ्या अर्थाने उपलब्ध असलेली शक्ती.

उदाहरणार्थ, एका संचावर ४५० वॅट लिहिले आहे आणि १२ व्होल्टपुढे ३६ अँपिअर आहे. गुणाकार ४३२ वॅट येतो. हा संच आपल्या नावाला जागतो. दुसऱ्या संचावरही ४५० वॅटच लिहिले आहे; पण १२ व्होल्टपुढे आकडा आहे केवळ १६ अँपिअर. गुणाकार येतो १९२ वॅट. उरलेली शक्ती ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाहिन्यांवर दाखवून बेरीज फुगवलेली असते. कार्यालयातील टंकलेखनाला असा संच पुरेल. गेमिंगला तो पुरणार नाही. काही लेबलांवर १२ व्होल्टच्या दोन वाहिन्या दाखवतात. तेव्हा दोहोंच्या अँपिअरची थेट बेरीज करू नये. त्यांची एकत्रित कमाल मर्यादा वॅटमध्ये वेगळी दिलेली असते, ती पाहावी.

लेबलवर आणखी तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. दुसरी, '८० प्लस' हे कार्यक्षमतेचे चिन्ह. २००४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा श्रेणी आल्या. साध्या श्रेणीतील संच ११५ व्होल्टवरील चाचणीत किमान ८० टक्के कार्यक्षम असावा लागतो, तर ब्राँझ श्रेणीतील संच निम्म्या भारावर किमान ८५ टक्के. ही श्रेणी कार्यक्षमतेची आहे, टिकाऊपणाची हमी नव्हे. तरीही ज्या संचाने ही चाचणी ओलांडली, त्याची अंतर्गत रचना अगदीच टाकाऊ नसते, एवढा निष्कर्ष काढता येतो. तिसरी गोष्ट म्हणजे आत येणाऱ्या विजेच्या दाबाची मर्यादा. खान्देशात ही बाब फार महत्त्वाची असल्याने तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

किती वॅट हवेत?

'जितके जास्त तितके चांगले' आणि 'जितके कमी तितके वीजबिल कमी' हे दोन्ही समज चुकीचे आहेत. ६५० वॅटचा संच सदासर्वकाळ ६५० वॅट ओढत नाही. संगणकाला जेवढी गरज असते तेवढीच वीज तो घेतो, त्यात रूपांतरात वाया जाणारी वीज तेवढी मिळवावी. खर्च ठरतो तो भार आणि कार्यक्षमता यांवर. समजा, खेळ चालू असताना आतील भागांना २५० वॅट लागतात. ७५ टक्के कार्यक्षम संच त्यासाठी सुमारे ३३३ वॅट ओढेल, ८५ टक्के कार्यक्षम संच सुमारे २९४ वॅट. रोज चार तास खेळल्यास महिन्याला पावणेपाच युनिटांच्या आसपास फरक पडतो. बिलात ही रक्कम मोठी नाही. पण वाया जाणारी ती सर्व वीज उष्णता होऊन आपल्याच खोलीत उतरते, हे मे महिन्यात विसरता येत नाही.

गरज काढण्याची रीत सोपी आहे. प्रोसेसरची कमाल शक्ती, ग्राफिक्स कार्डची शक्ती आणि मदरबोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे यांसाठी ५० ते ६० वॅट यांची बेरीज करावी आणि तिची दीडपट करावी. ही जास्तीची अर्धी पट उधळपट्टी नव्हे. ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा बरीच जास्त वीज ओढते, संच वर्षानुवर्षे थोडा क्षीण होत जातो, आणि उष्णतेत त्याची क्षमता घटते. या तिन्हींची तरतूद त्यात असते.

नव्या-जुन्या बाजारात सहज आढळणाऱ्या काही जोड्यांचा हिशेब असा :

कोअर आय-३ १२१००एफ या प्रोसेसरची कमाल मर्यादा ८९ वॅट आणि जीटीएक्स १६५० या कार्डाची ७५ वॅट. इतर ५० वॅट धरून बेरीज २१४ आणि दीडपट ३२१ वॅट. येथे ४०० वॅटचा प्रामाणिक संच भरपूर झाला.

रायझन ५ ५६०० हा ६५ वॅटचा म्हणून विकला जातो. पण तो ८८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. त्याच्या जोडीला आरएक्स ६६०० हे १३२ वॅटचे कार्ड घेतले, तर बेरीज २७० आणि दीडपट ४०५. येथे ४५० वॅटचा संच योग्य.

कोअर आय-५ १२४००एफ कमाल ११७ वॅट घेतो आणि आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॅट. इतर ६० वॅट धरल्यास बेरीज ३४७ आणि दीडपट ५२० च्या आसपास. येथे ५५० वॅटचा संच हवा; कार्डाच्या निर्मात्याची शिफारसही तीच आहे.

ज्याला आज कार्ड घेणे शक्य नाही आणि जो ५६००जी सारख्या अंतर्गत ग्राफिक्सच्या प्रोसेसरवर सुरुवात करणार आहे, त्याचे काम आज दोनशे वॅटमध्ये भागेल. तरीही वर्ष-दोन वर्षांनी कार्ड बसवायचा विचार असेल, तर आजच ४५० ते ५५० वॅटचा चांगला संच घ्यावा. प्रोसेसर आणि कार्ड बदलले जातात. चांगला संच मात्र दोन संगणकांना पुरतो. एकूण खर्चाच्या आठ ते दहा टक्के रक्कम या भागासाठी बाजूला ठेवावी, असा साधारण ठोकताळा ठेवायला हरकत नाही.

जोडण्यांची पारख

वॅट पुरेसे असले तरी जोडण्या जुळतील असे नाही. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. त्यापुढील गरजेसाठी सहा पिनांची जोडणी ७५ वॅट आणि आठ पिनांची १५० वॅट देते. कार्डाला आठ पिना हव्या असतील, तर संचातून थेट निघालेली तशी तारच असली पाहिजे.

येथे 'जुगाड' सर्वाधिक होतो आणि तो सर्वाधिक घातकही ठरतो. डिस्कसाठी असलेल्या साटा जोडणीला सहा किंवा आठ पिनांचे रूपांतर लावून कार्ड चालवले जाते. साटा जोडणीतील १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट एवढेच वाहण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांतून ७५ किंवा १५० वॅट ओढले, की प्लास्टिक वितळते आणि प्रसंगी आग लागते. ज्या संचात कार्डासाठी तारच नाही, त्या संचाची ती मूक कबुली असते, की हा भार माझ्याने पेलणार नाही.

प्रोसेसरची आठपिनी आणि कार्डाची आठपिनी जोडणी दिसायला सारखी. पण त्यांतील धन आणि ऋण तारांची मांडणी उलटी असते. जोर लावून बसवू नये. तसेच ज्या संचाच्या तारा सुट्या करता येतात, त्या एका संचाच्या तारा दुसऱ्याला कधीही लावू नयेत. संचाकडील टोकाच्या मांडणीला कोणतेही समान मानक नाही. अशा अदलाबदलीत डिस्क आणि तिच्यातील वर्षांचे फोटो एका क्षणात गेल्याच्या घटना घडतात.

जुने कार्यालयीन संगणक स्वस्तात घेऊन त्यांत कार्ड बसवण्याची पद्धतही आपल्याकडे रुळली आहे. अशा संगणकांतील संच बहुधा दोन-अडीचशे वॅटचे असतात, त्यांचा आकार आणि मदरबोर्डची जोडणी कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीची असते, आणि कार्डासाठी तार नसते. तेथे केवळ स्लॉटच्या विजेवर चालणारे, ७५ वॅटच्या आतील कार्डच निवडावे. त्यापेक्षा मोठे कार्ड घ्यायचे असेल, तर बाजारातील साधा एटीएक्स संच त्या पेटीत बसतो का, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

खान्देशची वीज आणि संगणक

भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. साक्री तालुक्यात सौर आणि पवन ऊर्जेचे प्रकल्प आहेत. अशा रीतीने वीज आपल्या प्रदेशातच तयार होते. पण ती घरातील बोर्डापर्यंत कोणत्या अवस्थेत पोहोचते, हा वेगळा प्रश्न आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने खान्देशातील गावांची दिनचर्याच बदलून टाकली होती. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली. गावठाण आणि शेतीचे फीडर अनेक ठिकाणी वेगळे झाले. तरीही रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या बागायती पट्ट्यांत कृषिपंप एकाच वेळी सुरू झाले, की लांबच्या वाहिनीच्या टोकाला असलेल्या घरांत दिवे मंदावतात, हा अनुभव अजून सरलेला नाही.

एटीएक्स मानकानुसार संचाने १८० ते २६५ व्होल्टपर्यंत काम करावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात स्वस्त श्रेणीतील कित्येक संचांवर '२०० ते २४० व्होल्ट' असे लिहिलेले आढळते. शहरातील स्थिर पुरवठ्यावर त्याचे काही बिघडत नाही. मळ्यातील घरी मात्र दाब १७० पर्यंत घसरत असेल, तर असा संच वारंवार बंद पडेल. अशा ठिकाणी '१०० ते २४० व्होल्ट' असे लिहिलेला, 'अॅक्टिव्ह पीएफसी' असलेला संच घ्यावा. तो कमी दाबातही आतील व्होल्ट स्थिर ठेवतो. पाठीमागे ११५/२३० अशी लाल कळ असलेला जुना संच हाती आला, तर ती कळ २३० वरच आहे याची खात्री केल्याशिवाय तो लावू नये. चुकून ११५ वर असलेला संच आपल्या विजेवर स्फोटासारखा आवाज करून जळतो.

दाब कमी होण्यापेक्षा तो वाढणे अधिक धोकादायक. वादळात खांबावरील न्यूट्रलची तार तुटली, की एकेरी फेजच्या घरांतील दाब भाराच्या विषमतेनुसार चढत जातो आणि ४०० व्होल्टांच्या घरात पोहोचू शकतो. त्यापुढे चांगला संचही टिकत नाही. पण चांगला संच स्वतः जळून आतील भाग बहुधा वाचवतो. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडणारे उपकरण मुख्य बोर्डात बसवून घेतल्यास टीव्ही, फ्रीज आणि संगणक या सर्वांचेच रक्षण होते. मृगापूर्वीच्या वळिवात विजा कडाडू लागल्या, की प्लग काढून ठेवणे हाच खरा उपाय. त्याबरोबर इंटरनेटची तांब्याची केबलही काढावी. वीज त्या वाटेनेही येते.

अर्थिंग : विसरलेला तिसरा पिन

'कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात' ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. बहुतेक वेळा दोष संचाचा नसतो. संचात विजेतील गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून धातूच्या पेटीकडे जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतील नगण्य प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पेटी अधांतरी राहून तिच्यावर सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टांच्या आसपास दाब दिसतो. प्रवाह अत्यल्प असल्याने झिणझिण्यांवर निभावते. पण उद्या आतील तार खरोखर पेटीला टेकली, तर तोच स्पर्श जिवावर बेतू शकतो. तिसरा पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात संगणक लावणे म्हणूनच अक्षम्य आहे.

तापीखोऱ्यातील काळ्या जमिनीचा स्वभाव येथे लक्षात घ्यायला हवा. पावसाळ्यात ती ओल धरते, तेव्हा अर्थिंग उत्तम चालते. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, माती अर्थिंगच्या नळीपासून सुटते आणि कागदोपत्री असलेले अर्थिंग निरुपयोगी होते. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एक-दोनदा बादलीभर पाणी घालणे, हा जवळजवळ फुकटचा विमा आहे. परवानाधारक वायरमनकडून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांमधील दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टांच्या आत असावा. त्याहून बराच जास्त असेल, तर संगणक घेण्याआधी वायरिंग सुधारावे.

पंचेचाळीस अंशांतला संगणक

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या किंवा धाब्याच्या घरात, बंद खोलीत, संगणकाच्या पेटीच्या आत त्याहून अधिक उष्णता असते. संचाची पूर्ण क्षमता किती तापमानाला मोजली आहे, हे चांगले निर्माते सांगतात. कोणी ४० अंश लिहितो, कोणी ५०. आपण ५० लिहिलेला संच शोधावा. ज्या संचाबद्दल काहीच सांगितलेले नाही, त्याची उन्हाळ्यातील क्षमता छापील आकड्यापेक्षा बरीच कमी धरावी.

संचाचे आयुष्य प्रामुख्याने कपॅसिटरवर अवलंबून असते. तापमान दहा अंशांनी वाढले, की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जाणकारांचा नियम आहे. म्हणून ८५ अंशांऐवजी १०५ अंशांसाठी बनवलेले कपॅसिटर असलेला संच आपल्या हवामानात अधिक टिकतो. जोडणीत संच खाली बसत असेल, तर त्याचा पंखा खालच्या जाळीकडे करावा आणि पेटी जमिनीवर न ठेवता चार बोटे उंच ठेवावी.

आपल्याकडील आणखी एक शत्रू म्हणजे कूलर. त्याच्या झोतात बसायला बरे वाटते. पण ती दमट हवा धूळ आणि पाण्यातील क्षार यांच्यासह संगणकात शिरते. आत त्यांचा चिकट थर बसतो आणि तो वीज वाहू लागतो. संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवू नये आणि दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नयेत. आखाजीपूर्वी एकदा आणि दिवाळीच्या आवराआवरीत एकदा, अशी वर्षातून दोनदा साफसफाई करावी. संचाची पेटी मात्र उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टांहून अधिक दाबाची वीज काही काळ साठलेली असू शकते. बाहेरून ब्रशने आणि ब्लोअरने, पंखा बोटाने धरून, धूळ काढावी.

यूपीएस आणि इन्व्हर्टर

वीज गेल्यावर संच आपल्या साठ्यावर सुमारे १७ मिलिसेकंद संगणक चालवू शकतो, अशी मानकाची अपेक्षा आहे. यूपीएसने तेवढ्या वेळात सूत्रे हाती घेतली पाहिजेत आणि बरेचसे यूपीएस दहा मिलिसेकंदांच्या आत ती घेतात. सुमार संचात हा साठाच अपुरा असतो. मग यूपीएस चांगला असूनही संगणक बंद पडतो आणि दोष यूपीएसला दिला जातो.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हेत. तो साधारण ३६० वॅटचा असतो. त्यातील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी ८४ वॅट-तासांची. तीनशे वॅटच्या भारावर ती काही मिनिटेच टिकते. खेळ वाचवून संगणक रीतसर बंद करण्यापुरताच तो वेळ आहे. मध्यम कार्डाच्या संगणकाला आणि मॉनिटरला १००० व्हीएचा यूपीएस घ्यावा.

घरातील इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असेल, तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा आणि त्याची कळ 'यूपीएस' स्थितीत असावी. साध्या स्थितीत तो बदलायला अधिक वेळ घेतो. चौकोनी लहरींचा जुना इन्व्हर्टर पंखे-दिव्यांना चालतो. अॅक्टिव्ह पीएफसीच्या संचाला मात्र तो मानवत नाही. संच गुणगुणू लागतो किंवा इन्व्हर्टरच बंद पडतो.

बिघाडाची चिन्हे

साधे काम तासन्‌तास चालते. पण खेळ सुरू होताच संगणक तत्काळ पुन्हा चालू होतो, तर संशय प्रथम संचावर घ्यावा. आधी प्रोसेसर आणि कार्ड यांचे तापमान तपासून ते कारण बाजूला काढावे. मल्टिमीटरने भारावर मोजले असता १२ व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६ या मर्यादेत आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये असली पाहिजे. हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरवून दाखवण्याची दुकानातील चाचणी, संच पूर्ण मेलेला नाही एवढेच सांगते. भार पेलेल की नाही, हे ती सांगत नाही. जळका वास, शिट्टीसारखा आवाज किंवा पिवळटलेली जोडणी दिसली, तर आणखी एक दिवसही तो संच वापरू नये.

खरेदीच्या वेळी

खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात. १२ व्होल्टच्या अँपिअरचा गुणाकार छापील वॅटच्या जवळ यावा. कार्डाला हवी ती तार संचातूनच निघावी. अतिदाब, अतिप्रवाह, शॉर्टसर्किट आणि अतिउष्णता यांपासून संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख असावा. हमी किमान तीन वर्षांची, शक्य तर पाच वर्षांची असावी. हमीची सेवा जळगाव-धुळ्यात मिळते की संच नाशिक, मुंबईला पाठवावा लागतो, हे आधीच विचारावे. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर संचाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिल नसेल तर आपली बाजू मांडणेच कठीण होते. वापरलेले कार्ड घेणे एक वेळ समजू शकते. वापरलेला, वय माहीत नसलेला संच मात्र घेऊ नये.

पैसे कमी पडतच असतील, तर कात्री लावायला जागा आहेत. रंगीत दिव्यांचे पंखे सोडता येतात, काचेची पेटी सोडता येते, डिस्क थोडी लहान घेता येते आणि पुढे वाढवता येते. संचाची निवड मात्र पहिल्या दिवशीच नीट झाली पाहिजे. तो दिसत नाही, त्याने खेळाचा वेगही वाढत नाही; पण मे महिन्यातल्या दुपारी, पंप सुरू असताना आणि दिवे मिणमिणत असताना, संगणक चालू राहतो तो त्याच्याच भरवशावर.